बागेत वाचलेला कागद

आमच्या भागात भाऊ बहिणीला उगाच कुठे फिरायला नेऊ लागला, की समजावं अंगठ्याचं काम आहे. कुणाच्या बहिणीला जेजुरी दाखवली, कुणाच्या बहिणीला आळंदी. आम्हा दोघी बहिणींना पुण्यातली बाग दाखवली. तेव्हा ही रीत नवी होती. आम्ही पहिल्या काहीजणींतल्या, म्हणून फसलो.

मुलीलाही बापाच्या जमिनीत वाटा, असा कायदा दिल्लीत झाला होता. तो आमच्या गावापर्यंत पोचला होता, पण फक्त पुरुषांपर्यंत. बायकांना कुणी सांगितला नाही. माझं माहेर पवनेच्या काठी, चिंचवडपासून चालत तासाभरावर. आई आधीच गेली होती. कायद्यानंतर वर्षभरात वडील, म्हणजे आमचे आबा गेले. मागे थोरला भाऊ दादा, मधली आक्का आणि धाकटी मी. तलाठ्यानं कायद्याप्रमाणे तिघांची नावं लावली. पिंपरीला कारखाना उभा राहिला होता आणि आमच्या बाजूच्या जमिनी विचारायला माणसं यायला लागली होती. त्यांना सात-बारावर एकच नाव हवं होतं. तीन नावांची कटकट कुणालाच नको होती.

हे सगळं मला आता माहीत आहे. त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं.

माझं सासर निघोज्याला. दादा स्वतः बैलांची दमणी घेऊन न्यायला आला, तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं. लग्न झाल्यापासून दहा वर्षांत तो दोनदा आला होता. सासूला म्हणाला, "चार दिवस बहिणीला न्हेतो. पुणं दावतो, बाग दावतो. तिनं काय बगितलंय?" सासूनं पोराला ठेवून घेतलं आणि मला पाठवलं. वाटेत दादा सहज बोलल्यासारखं बोलला, की आबांच्या नावावरची जमीन चढवायचीय, त्याला सरकारात लेकींचा पण अंगठा लागतो.

"अंगठा कशाला?" मी म्हटलं. "मला सही येती."

"सही करून काय मामलेदार व्हनार हायस?" म्हणाला आणि बैलांना हाक मारली.

मला सही येत होती त्याचं कारण दादाच होता. आबांनी मला शाळेत घातलं ते लाडानं नव्हे. दादा शाळेतून पळून नदीवर जायचा, त्याच्यावर लक्ष ठेवायला मला पाठवलं. तो दुसरीतच सुटला. मला काढून आणायची आठवण कुणाला राहिली नाही, म्हणून मी चौथीपर्यंत गेले. पुढे निघोज्याला वाचण्यासारखं काही नव्हतं. खताच्या पोत्यावरचं नाव आणि एसटीची पाटी, एवढंच वाचायचं. पण अक्षर विसरत नाही. पोहणं विसरत नाही तसंच.

माहेरी गेल्यावर वहिनीनं दोघींना नवी लुगडी दिली. आक्काला हिरवं, मला जांभळं. सकाळी तीच नेसायला लावली. वहिनीचा हात कधी सैल नव्हता. मी ते लुगडं नेसताना दोनदा तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती हसत होती.

दादा, वहिनी आणि आम्ही दोघी चिंचवडला आगगाडीत बसलो आणि शिवाजीनगरला उतरून चालत गेलो. दादा एकटाच जमिनीच्या कागदांच्या हापिसात जाऊन आला. नंबर जेवणानंतर लागेल असं कळलं. तोवर समोरच्या बागेत बसू म्हणाला.

बाग जुनी होती. पेशव्यांच्या वेळची आहे, असं दारातला फुगेवाला सांगत होता. दगडी कमान, आत दगडी कारंजं, त्याला कात्रजच्या तळ्याचं पाणी येतं म्हणे. मला खरं सांगायचं तर काही विशेष वाटलं नाही. झाडं आमच्याकडंही होती. फरक एवढाच की इथं झाडांना पत्र्याच्या पाट्या ठोकल्या होत्या. आंब्याच्या झाडावर 'आंबा' असं लिहिलेलं होतं. पुण्याच्या माणसांना सांगावं लागत असेल.

आक्का गवताकडं बघत उभी राहिली. मधोमध मोठी हिरवळ होती, कापून सारखी केलेली.

"दादा, एवढं गवत कापून कुनाला देत्यात रं?"

"कुनाला न्हाई. बगाया ठेवलंय."

"जनावर न्हाई?"

"न्हाई."

"मग येड्याची बाग हाय," आक्का म्हणाली. तिची म्हैस आटली होती, चाऱ्याला ती दोन कोस जात होती.

भूक लागली होती. आम्ही शेतात जिथं सावली दिसेल तिथं बसतो. तसंच इथंही कडुलिंबाच्या सावलीत हिरवळीवर फडकं पसरलं. बाजरीच्या भाकरी, ठेचा, कांदे. दादानं मुठीनं कांदा फोडला आणि त्याच वेळी मागून ओरडणं आलं.

"ओऽ! उठा! उठा तिथून! पाटी दिसत नाही? वाचता येत नाही का?"

खाकी कपड्यातला रखवालदार होता, हातात काठी. दादानं तोंडातला घास तसाच ठेवून हात जोडले.

"चुकलं साहेब. आमी खेड्यातली. समदी अंगठाबहाद्दर."

"मी न्हाई," मी म्हटलं. "मला येतं वाचाया."

मी वळून पाटी वाचली. हिरवळीवर बसू नये. फुले तोडू नयेत. हुकमावरून. मोठ्यांदा वाचली, एकेक अक्षर लावत. दहा वर्षांत कुणापुढं वाचलं नव्हतं, त्यामुळे आवाज शाळेतलाच लागला.

"मग वाचता येतं आणि बसलात?" रखवालदार म्हणाला.

"पाटीकडं पाठ हुती. बसल्यावर वाचली."

त्याला हसू आलं, पण त्यानं काठी हलवलीच. "आता वाचली ना? आता उठा."

ते बरोबर होतं. आम्ही फडकं गुंडाळून चिंचेखालच्या दगडी कट्ट्यावर गेलो आणि तिथं जेवलो. दादाचं तोंड उतरलं होतं. त्याला रखवालदाराचा राग नव्हता आला, माझा आला होता.

"लई शानपन दावू नगो," तो म्हणाला. "हापिसात गप ऱ्हायाचं. साहेबानं इचारलं तर व्हय म्हनायचं, झालं."

"काय इचारनार?"

"काय बी. तू व्हय म्हन."

जेवण झाल्यावर तो नंबर बघायला पुन्हा हापिसात निघाला. कागदांची पिशवी त्याच्या काखेत होती. ती त्यानं काढून माझ्या मांडीवर ठेवली. "गर्दी हाय. पुन्यात खिसेकापू लई. ही धर, सोडू नगो." वहिनी आणि आक्का कारंजं बघायला गेल्या. मी एकटी राहिले, पिशवी घेऊन.

दादा मूर्ख नव्हता. त्यानं पिशवी माझ्याकडं का दिली ते मला नंतर विचार करून कळलं. आमच्या घरातले सगळे जुने कागद मोडीत होते. आबा ते लाकडी पेटीतून काढायचे आणि गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांकडून वाचून घ्यायचे. ती अक्षरं म्हणजे सरपटणाऱ्या किड्यांची रांग. दादाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की जमिनीचा कागद म्हणजे मोडी, आणि मोडी म्हणजे बायकांना काय, शाळा शिकलेल्या पोरांनाही येत नाही. जमाना बदलला आणि कागद शाळेतल्या बाळबोध अक्षरात लिहायला लागले, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. तो कागदाकडं बघायचाच नाही. लिहिणारा वाचून दाखवील तेव्हा मान हलवायचा.

मी पिशवीत हात घातला तो खरं तर उरलेल्या भाकरीसाठी. वहिनीनं भाकरी त्याच पिशवीत कोंबली होती. भाकरीबरोबर स्टॅम्पाचा कागद वर आला. रखवालदाराचं बोलणं अजून कानात होतं. वाचता येत नाही का. मी कागद उलगडला.

पहिली ओळ लावायला बराच वेळ गेला. मग आक्काचं नाव आलं आणि त्याखाली माझं. नवऱ्याचं नाव, निघोजे, वय, धंदा घरकाम. माझं नाव कागदावर असं नीट लिहिलेलं मी शाळेच्या हजेरीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. मला बरं वाटलं. पुढं वाचत गेले. वडिलांच्या मिळकतीतील आमचा हक्क आणि हिस्सा आम्ही आमचे बंधूंचे लाभात कायमचा सोडून देत आहोत. आम्हांस साडीचोळी मिळून पावली. यापुढे आमचा अगर आमच्या वंशजांचा सदर मिळकतीवर काही एक हक्क राहिला नाही. हे आम्ही राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहोत.

खाली पेन्सिलीनं दोन गोल काढलेले. एका गोलाशेजारी आक्काचं नाव, दुसऱ्याशेजारी माझं. आणि दोन्हींपुढं लिहिलेलं: निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मी खोटं लिहिणार नाही. जमिनीचा राग मला नंतर आला. आधी आला तो त्या अंगठ्याचा. शाळेत दादा माझ्या शेजारच्या पाटावर बसायचा. त्याच्या गणिताची बेरीज मी करून द्यायची. आणि त्यानंच लिहिणाऱ्याला सांगितलं, की हिला येत नाही, हिचा अंगठा. वर अक्कलहुशारीने.

मग मी अंगावरच्या जांभळ्या लुगड्याकडं पाहिलं. साडीचोळी मिळून पावली. म्हणजे नऊ एकरातला माझा तिसरा हिस्सा मी सकाळीच नेसून बसले होते.

मी कागदाची घडी घातली नाही. हातातच ठेवला. वहिनी आणि आक्का आल्या. वहिनीनं कागद पाहिला आणि थबकली.

"वन्सं, ते काय काढलं? ठेवा आत. फाटंल."

"फाडत न्हाई. वाचत हुते."

"तुमाला काय कळतंय त्यातलं?"

"समदं कळलं. वहिनी, लुगडं चांगलं हाय. नऊ वार नव्हं, तीन एकर हाय."

तेवढ्यात दादा लगबगीनं आला. "चला, चला, नंबर आला."

"दादा, ह्यात माझा अंगठा लिवलाय," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी त्यावरूनच रुसलेय. लगेच हसून म्हणाला, "आगं मग सही कर! अंगठा खोडून सही लिवायला सांगतो. तुझं मन कशाला मोडू?"

इथं मी जरा डळमळले, हे कबूल करते. मला हवं होतं तेच तो देत होता. हापिसात सगळ्या माणसांसमोर मी टाक धरून माझं नाव लिहिणार. पण मग त्या नावाच्या वर काय लिहिलंय ते मला माहीत होतं.

"सही न वाचता करायची नसती," मी म्हटलं. "आनि वाचलं, म्हनून करत न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी मी वाटा सोडत न्हाई."

दादानं आवाज खाली आणला, कारण रखवालदार जवळच होता. "कुनी शिकवलं? दाजींनी?"

"त्यांला ठाव बी न्हाई. तूच शिकवलंस. तुझ्यावर लक्ष ठेवाया मला साळंत घातलं हुतं. ठेवलं."

"लगीन कुनी करून दिलं तुझं? आबांनी कर्ज काढलं तवा कुनी फेडलं?"

"आबांनीच फेडलं. तू तवा नदीवर हुतास."

"जीभ लई चालती!" वहिनी म्हणाली. "अंगावर आमचं लुगडं घालून आमालाच तोंड करती."

आक्का रडायला लागली. तिनं माझा हात धरला. "धाकटे, असं करू नगो. माहेर तुटंल गं. पंचमीला कुठं जायाचं? दिवाळीला कुनाला ववाळायचं?"

"आक्का, ह्यात काय लिवलंय तुला ठाव हाय का?"

"मला कुठं वाचाया येतंय?"

"मग ऐक."

मी कागद तिला वाचून दाखवला. वरपासून खालपर्यंत, सावकाश, एकही शब्द न गाळता. दादानं दोनदा हात घातला. मी पाठ फिरवून वाचत राहिले. कारंज्याजवळची दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. एक धोतर-टोपीवाले आजोबा मान हलवत ऐकत होते, जशी पोथी चालली आहे. "काही एक हक्क राहिला नाही" पर्यंत आले तेव्हा रखवालदार आला.

"इथं गर्दी करायची नाही. काय तमाशा आहे?"

"तमाशा न्हाई," मी म्हटलं. "वाचतीया. मगा तुमीच इचारलं, वाचता येत न्हाई का."

आजोबा हसले. मी शेवटची ओळ वाचली, कागद घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी दादाच्या हातात दिली. तो कागद फाडला असता तर मी चोर ठरले असते. तो त्याचा होता. त्यावर माझी निशाणी नसली म्हणजे झालं.

आक्कानं सगळं ऐकलं होतं. तिनं डोळे पुसले. मला वाटलं, आता ही माझ्याशेजारी बसेल. ती दादाच्या मागे निघाली. चार पावलं गेल्यावर वळली आणि म्हणाली, "मला माहेर पायजे, धाकटे." तिनं माहीत असून अंगठा दिला. पुष्कळजण म्हणतात तिची बाजू समजून घे. मला ती समजते. तरी ती चुकली.

जाताना दादा म्हणाला, "बस मग हितंच. बानं बाग ठेवलीया तुझ्यासाठनं."

"बानं जिमीन ठेवलीया," मी म्हटलं. "बाग राहू दे सरकारला."

ते गेले. मी कट्ट्यावर बसून राहिले. हिरवळ समोरच होती, पाटी समोरच होती. मनात आलं, की उठावं आणि मधोमध जाऊन बसावं. पण मी बसले नाही. पाटीवर लिहिलं होतं ते मी मानलं होतं आणि उठले होते. मग तलाठ्याच्या वहीत लिहिलं होतं ते दादानंही मानावं. मीच पाटी मोडली असती, तर त्याला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

थोड्या वेळानं रखवालदार जवळ आला. "घर कुठं, बाई?"

"निघोजे. चाकणच्या अलीकडं."

"जाणार कशा?"

"मंडई कुठं हाय तेवढं सांगा."

त्यानं काठीनं दिशा दाखवली. मंडईत मोशीच्या गाड्या भाजी घेऊन येतात हे मला ठाऊक होतं. रिकाम्या परतताना एका गाडीवाल्यानं मला पोत्यांवर बसवलं. माझ्या सासऱ्यांना तो ओळखत होता. वाटभर तो विचारत होता, की नव्या लुगड्यातली बाई एकटी मंडईत काय करत होती. बाग बघायला आले होते, म्हटलं. मोशीला नणंदेकडं राहिले आणि सकाळी घरी पोचले.

नवरा खूश होईल असं वाटलं होतं. तो चिडला. "भावाशी वाकडं घेतलंस? आता लोक म्हननार, ह्यानंच बायकोला पढवली. माझी आब्रू गेली." मी म्हटलं, तुमच्या आब्रूसाठी तीन एकर जाऊ देत नाही. त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. म्हैस मात्र माझ्याच हातची वैरण खात होती, त्यामुळे त्याला बोलावं लागलं.

ते लुगडं मी परत पाठवलं नाही. वहिनीनं दोनदा निरोप धाडला. कागदावर तुम्हीच लिहिलंय मिळून पावलं, मग पावलं, असं मी कळवलं. फाटेपर्यंत शेतात नेसले.

माहेर तुटलं. आक्का म्हणाली होती तसंच झालं, त्यात तिचं चुकलं नाही. पंचमी आली, दिवाळी आली, दमणी आली नाही. पहिल्या दिवाळीला मी घर सारवताना दोनदा रस्त्याकडं पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं नाही. आक्काला नेत होते. दोन वर्षं नेलं. दादानं आपल्या वाट्याची जमीन विकल्यावर वहिनीला घरात माणसं जड व्हायला लागली, असं आक्कानंच मला सांगितलं.

माझा वाटा मात्र दादाला विकता आला नाही. कागदावर माझं नाव होतं तोवर घेणारा माणूस त्या जमिनीला हात लावत नव्हता. शेवटी मोजणी करून वेगळा बांध घालायचं ठरलं, आणि त्याच बागेसमोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका कचेरीत मला बोलावणं आलं. या वेळी नवरा बरोबर आला होता. दादा बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, माझ्याकडं न बघता.

कारकुनानं माझं नाव पुकारलं. मी टेबलाशी गेले. त्यानं माझ्या लुगड्याकडं, पायांकडं पाहिलं आणि न विचारता शाईची गादी पुढं सरकवली. माझा डावा हात धरायला त्यानं स्वतःचा हात पुढं केला.

"टाक द्या," मी म्हटलं.

"काय?"

"टाक. आनि आदी कागद द्या. वाचून सही करनार हाय."

कागद दोन पानी होता. मी उभ्यानं वाचायला लागले. मागे रांग होती. कुणीतरी म्हणालं, बाई, लवकर करा. मी वर पाहिलं नाही. दुसरं पान संपल्यावर टाक दौतीत बुडवला, आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं पुरं लिहिलं. एका ठिकाणी काना वाकडा आला. तो तसाच आहे अजून, त्या कागदावर.